चाळीस पोती हळद, एक घाट: लहान व्यापाऱ्याने माल रेल्वेने आणायचा तर आणायचा कसा?

मिरची_गल्ली

नमस्कार मंडळी. लालबागला आमचं मसाल्याचं छोटं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, वडिलांनी चालवलं, आता मी बघते. होळीपासून मेअखेरपर्यंत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या तीन महिन्यांत बायका वर्षाचा मसाला करून घेतात. बाकीचे नऊ महिने आम्ही त्या तीन महिन्यांच्या जिवावर काढतो.

यंदा मेमध्ये सांगलीहून ४० पोती हळद मागवली. एरवी रात्री निघालेला ट्रक सकाळी वाशीला पोचतो आणि तिथून टेम्पोने माल दुकानात येतो. त्या रात्री घाटात कुठलातरी कंटेनर आडवा झाला. आमचा ट्रक लोणावळ्याच्या वर ११ तास उभा. वळवाचा पाऊस आला, ताडपत्री एका कोपऱ्यात फाटलेली. ९ पोती भिजली. हळकुंड एकदा भिजलं की दोन दिवसांत बुरशी धरतं. नुकसान कुणी भरून दिलं नाही, देणारही नाही. ते सोडा.

माझा प्रश्न वेगळा आहे. त्या वैतागात माळा आवरायला काढला, तर आजोबांची १९६८ सालची खतावणी सापडली. त्यांच्या वळणदार मोडीमिश्रित अक्षरात लिहिलंय: "मिरज ते वाडी बंदर, हळद १२ पोती, आर.आर. आली, १ फाटके, पुणे." वाडी बंदर म्हणजे मुंबईतला रेल्वेचा मालधक्का, आर.आर. म्हणजे रेल्वेची पावती. अशा नोंदी पानोपानी आहेत. १२ पोती, ७ पोती, एकदा तर फक्त ३. म्हणजे लालबागचा एक किरकोळ दुकानदार तीन पोती हळद रेल्वेच्या मालगाडीने मागवू शकत होता!

मी आज चौकशी केली तर उत्तर मिळालं, "मॅडम, पूर्ण रेक घेणार का?" रेक म्हणजे अख्खी मालगाडी. एवढी हळद तर माझ्या सात पिढ्यांना कुटून संपायची नाही.

तर जाणकारांनो, हे दार कधी आणि का बंद झालं? आणि सगळा माल त्याच दोन-चार घाटांतून ट्रकने आणायचा तर ते रस्ते तरी किती दिवस टिकणार?

कळंबोली_दहाचाकी

ताई, नुकसान झालं त्याचं वाईट वाटलं. फाटकी ताडपत्री घेऊन मेमध्ये निघणं ही ट्रकवाल्याचीच चूक, त्यात दुमत नाही. पण घाटाबद्दल दोन गोष्टी सांगतो. माझ्या तीन गाड्या आहेत आणि १७ व्या वर्षी मी याच रस्त्यावर किन्नर, म्हणजे ट्रकचा क्लीनर, म्हणून चढलो होतो.

आमचा उस्ताद सांगायचा, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. आताची पोरं उतारावर गाडी न्यूट्रल मारतात. चार लिटर डिझेल वाचतं आणि मालक शाबासकी देतो. मग अर्ध्या घाटात ब्रेक तापून लायनरचा वास सुटतो, पुढे पायडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. जुन्या रस्त्याने जाताना शिंग्रोबाच्या देवळापाशी आम्ही नाणं टाकायचो. घाटाची वाट इंग्रजांना ज्या धनगराने दाखवली म्हणतात, त्याचं ते देऊळ. आता एक्स्प्रेसवेवर ना देऊळ, ना थांबायला जागा. गाडी थंड करायची तर कुठे करायची?

दुसरी गोष्ट भाड्याची. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून मी सळ्या भरून सांगली-कोल्हापूरकडे जातो. परतीला रिकामा आलो तर मेलो. म्हणून हळद, गूळ, साखर, जे मिळेल ते पडत्या भावात उचलतो. तुम्हाला दर पोत्याला जे भाडं लागतं ते असं परतीचं भाडं आहे. उद्या रेल्वे आली तरी या भावात तुमच्या दुकानापर्यंत माल देणार नाही. माझा माणूस रात्री साडेअकराला फोन उचलतो. रेल्वेचा उचलतो का?

आणि घाट खराब होतो तो आमच्यामुळे, हे मान्य. पण २०१८ मध्ये सरकारनेच एक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, चालणारं वजन वाढवून दिलं. चार टायरच्या एक्सलवर आधी १०.२ टन चालायचे, ते ११.५ झाले. आम्ही मागितलं नव्हतं हो. वजन वाढलं तसं माल देणाऱ्या पार्ट्यांनी टनामागे भाडं पाडलं. मधल्यामध्ये टायरचा खर्च तेवढा वाढला.

नुसता_वाचक

ताई, रेक घेऊन टाका. उरलेली हळद आख्ख्या मुंबईच्या लग्नांना पुरेल.

मालबाबू_निवृत्त

लालबागच्या ताई, तुमच्या आजोबांची ती ओळ वाचून मी चष्मा पुसला. "१ फाटके, पुणे" याचा अर्थ सांगतो.

१९६८ साली मिरज ते पुणे मीटर गेज होतं, म्हणजे अरुंद रूळ; पुण्यापुढे मुंबईपर्यंत ब्रॉडगेज, म्हणजे रुंद. मिरजेपर्यंत ब्रॉडगेज झालं १९७१ च्या सुमारास. तोवर मिरजेहून निघालेलं प्रत्येक पोतं पुण्याला हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, दुसरीत जायचं. तिथे हुकाने ओढताना गोणपाट फाटायचं. आजोबांनी मालधक्क्यावर उभं राहून पोती तपासली असणार, म्हणूनच फाटल्याची जागासुद्धा लिहिली. असे व्यापारी आम्हाला त्रासदायक वाटायचे आणि आवडायचेही.

मी १९७८ मध्ये कुर्डुवाडीला मालबाबू म्हणून लागलो, शेवटची बरीच वर्षं मुंबईत काढली. कुर्डुवाडीला बार्शी लाइटची छोटी गाडी यायची. लातूरची डाळ, बार्शीची ज्वारी अडीच फुटी रुळांवरून यायची आणि आमच्या शेडमध्ये मोठ्या गाडीत चढायची. ही लाइन एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८९७ मध्ये सुरू केली. त्याची करामत अशी की इंजिन असो वा वाघीण, कुठल्याही एक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. त्यामुळे हलके रूळ पुरले आणि गरीब मुलखालाही रेल्वे परवडली. वरच्या ट्रकवाल्या भाऊंचे साडेअकरा टन वाचले आणि कॅलथ्रॉपची आठवण झाली.

आता तुमच्या तीन पोत्यांकडे येतो. त्या प्रकाराला आम्ही "स्मॉल्स" म्हणायचो. मराठीत किरकोळ माल म्हणा. व्यापारी पोती घेऊन मालधक्क्यावर यायचा. काट्यावर वजन व्हायचं, पोत्यावर काळ्या शाईने मार्का पडायचा, पावती म्हणजे आर.आर. फाडून हातात द्यायची. ती आर.आर. टपालाने मुंबईला यायची, ती दाखवून माल सोडवायचा. एका वाघिणीत वीस व्यापाऱ्यांचा माल असायचा. वाटेत यार्डात गाडी तोडायची, वाघिणी वेगवेगळ्या दिशांना लावायच्या, परत जोडायच्या. एखादी वाघीण कोपऱ्यातल्या रुळावर पडली की आठवडा आठवडा तिथेच. चोऱ्या व्हायच्या, माल भिजायचा, दाव्यांच्या फायलींनी कपाटं भरायची. तुमच्या आजोबांचं एकच पोतं फाटलं हे नशीब समजा.

म्हणून मी उगाच जुन्या काळाचे गोडवे गाणार नाही. १९८०-८१ मध्ये एक वाघीण एकदा भरल्यापासून पुन्हा भरेपर्यंत सरासरी १५ दिवस लागायचे. म्हणजे महिन्यात दोनच खेपा. तिकडे कोळसा, खत, सिमेंट, धान्य वाघिणींसाठी रांगेत. वरच्यांनी हिशोब मांडला: किरकोळ बंद करा, यार्डात तोडजोड बंद करा, अख्खी गाडी एकाच ठिकाणी भरा आणि एकाच ठिकाणी रिकामी करा. २००० सालापर्यंत तेच १५ दिवस साडेसातावर आले. हिशोब चुकला नव्हता. बंद वाघिणींचा रेक म्हणजे ४२ वाघिणी, अडीच हजार टनांच्या वर माल. असा माल देणारी गिऱ्हाइकं देशात मोजकी. बाकीच्यांना सांगितलं, तुम्ही ट्रकने जा. तुम्ही गेलात, घाटातून गेलात.

माझं म्हणणं एवढंच आहे की किरकोळीचं दार लावताना शेजारी दुसरं दार उघडायला हवं होतं. दहा व्यापाऱ्यांचा माल गोळा करून एक वाघीण भरणारे हुंडेकरी तेव्हा होते. मसजिद बंदर, चिंचबंदर त्यांनी भरलेलं होतं. त्यांना हाताशी धरलं असतं तर ते काम त्यांनी केलं असतं. झालं उलटंच. हुंडेकऱ्यांनी ट्रक घेतले. बाजारही हलला. कांदा-बटाटा १९८१ मध्ये वाशीला गेला, मग धान्य, किराणा, फळं, भाजी. बंदराच्या बाजूचे रूळ एका ठिकाणी राहिले आणि माल दुसऱ्या ठिकाणी. बंदराची स्वतःची रेल्वे होती, १९१५ ची. वडाळ्यापासून गोद्यांमध्ये तिचे फाटे जायचे. आज तिथल्या कित्येक रुळांवर गवत आहे.

स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात देशातला ८५ टक्क्यांहून जास्त माल रेल्वेने जायचा. आज तो वाटा २७-२८ टक्क्यांच्या घरात आहे. २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर नेऊ असं राष्ट्रीय रेल्वे योजनेत लिहिलंय. लिहायला काय जातं. मालाच्या भाड्यातून प्रवाशांच्या तिकिटाची तूट भरायची हे धोरण आहे तोवर मालाचं भाडं कमी कसं होणार? तुमची लोकल स्वस्त आहे ना ताई, तिची थोडी किंमत तुमच्या हळदीने भरायची असते. हळद ट्रकने पळाली.

आणि एक अडचण घाटाचीच आहे. ट्रकवाल्या भावांनी उताराचा विषय काढला म्हणून सांगतो. बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ फुटांना १ फूट. हा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन काही आठवड्यांतच वारला. त्याच्या बायकोने, ॲलिसने, ठेका हातात घेऊन काम पुढे रेटलं. आपल्याकडे किती जणांना हे नाव ठाऊक आहे? तर कर्जतला प्रत्येक जड गाडीला मागून ढकलायला दोन-तीन बँकर इंजिनं लागतात. उतरताना नियम आणखी कडक. ठरावीक ठिकाणी रुळांचा काटा कायम कॅच सायडिंगकडे लावलेला असतो. म्हणजे डोंगरात चढणाऱ्या आंधळ्या फाट्याकडे. गाडी तिथे पूर्ण थांबली, ब्रेक शाबूत आहेत हे तिने दाखवून दिलं, की मगच काटा सरळ मार्गाला लागतो. ब्रेक गेलेली गाडी आपोआप फाट्यात शिरून चढावर दमते. उतरणाऱ्या गाडीवर विश्वास ठेवायचा नाही, असा तो नियम आहे. ट्रकच्या घाटात असं काही नाही, तिथे सगळा भरवसा ड्रायव्हरच्या उजव्या पायावर.

पण यामुळे घाटातून दिवसाला ठरावीकच गाड्या जातात. त्यात एक्स्प्रेस गाड्यांचा मान आधी. खाली उतरलं की मुंबईत लोकलची गर्दी. मालगाडीला रात्रीची वाट बघायला लावतात. पाऊस वेगळाच. २०१९ मध्ये मंकी हिलजवळ मार्ग खचला तेव्हा कित्येक महिने तो नीट झाला नव्हता.

ता.क. बार्शी लाइट पुढे ब्रॉडगेज झाली, पण मधल्या लहान स्टेशनांवरचे मालधक्के गेले ते गेलेच. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती याच वाटेने. टीव्हीवर बघताना बायकोला म्हटलं, बघ, या वाटेवरून आम्ही डाळ आणायचो. ती म्हणाली, आता गप्प बसा आणि पाणी बघा.

खडी_आणि_डांबर

मालबाबू काकांनी रेल्वेची बाजू मांडली, मी रस्त्याची मांडतो. २२ वर्षं घाटरस्त्यांच्या कामावर आहे, डोंबिवलीला राहतो.

मूळ प्रश्नात "किती दिवस टिकणार" असं विचारलंय. वय हा खरा शत्रू नाही. खंडाळ्याचा अमृतांजन पूल १८३० चा, एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनचा मोका साधून सुरुंग लावून पाडला. तो पडायला आला होता म्हणून नाही पाडला. त्याचे खांब रस्त्याच्या मध्ये होते, गाड्या आपटायच्या. १९० वर्षं उभा होता. उलट महाडजवळ सावित्रीवरचा पूल १९२८ चा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसट्यांसकट. एक जास्त म्हातारा असून शाबूत होता, दुसरा कमी वयाचा असून गेला. फरक पाण्याने केला. पाया नदीत आहे की कातळावर, आणि त्या पायाला शेवटचं कुणी खाली उतरून पाहिलं कधी, यावर सगळं असतं.

घाटात पाणी हेच कारण, दहातल्या आठ वेळा तरी. सह्याद्रीचा बेसाल्ट थराथराचा आहे. दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी लाल मातीचा पट्टा असतो. पाणी वरच्या भेगांतून उतरतं, त्या लाल पट्ट्यावर अडतं, माती साबणासारखी होते आणि वरचा थर सुटतो. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ एक्स्प्रेसवेवर दगड आले, त्यानंतर जाळ्या लावल्या. जाळी दगड धरते, पाणी नाही धरत. संरक्षक भिंतीला पाणी झिरपायला भोकं ठेवलेली असतात. मी असे घाट पाहिलेत जिथे रंगकाम करताना ती भोकं लिंपून टाकली होती, भिंत छान दिसावी म्हणून. त्या पावसाळ्यात भिंतीला पोट आलं. ब्रिटिशांच्या काळच्या दगडी मोऱ्या अजून चालतात, फक्त मेअखेरीस त्यातला गाळ काढायला माणूस पाठवावा लागतो. या कामाचं उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही.

आता वजन. १९५८ ते १९६० अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर दोन वर्षं ट्रक फिरवले. त्यातून जो अंदाज निघाला तो आजही आम्ही वापरतो: एक्सलवरचं वजन वाढलं की रस्त्याची झीज साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे १०.२ चे ११.५ टन केले तर वजन वाढलं १३ टक्क्यांच्या आत, झीज वाढली ६० टक्के. कुणी त्याच एक्सलवर १५ टन टाकले तर झीज साडेचार पटीच्या वर. उलट कार कितीही गेल्या तरी रस्त्याला त्या जवळपास जाणवतच नाहीत. तरी "रस्त्याची वाट लागली" म्हणून सगळ्यात जास्त ओरडतो तो कारवाला.

घाटात आणखी एक भर पडते. चढावर ट्रक १०-१५ च्या वेगाने रांगतो. जितका सावकाश, तितका वेळ चाकाचा भार एकाच जागी. उन्हाळ्यात डांबर मऊ असतं, त्यात दोन चाकोऱ्या पडतात. पावसात त्या चाकोऱ्यांत पाणी साचतं, दुचाकीवाला घसरतो. मग आम्ही वरून एक थर टाकतो. पुढच्या वर्षी पुन्हा चाकोऱ्या. एक्स्प्रेसवेचा घाट टाळणाऱ्या मिसिंग लिंक या नव्या रस्त्यातला एक बोगदा तर जवळपास ९ किलोमीटरचा आहे. त्याने वळणं टळतात, ६ किलोमीटर वाचतात. एक्सल तेवढाच जड राहतो.

कळंबोलीकर दादा, राग मानू नका. १५ टन तुम्ही भरत नाही हे मी धरून चालतो.

कळंबोली_दहाचाकी

राग कसला. पण धरून चाला, तपासू नका. 😄

राजापूरचा_भांडुपकर

कोकणाची आठवण कुणालाच नाही, नेहमीप्रमाणे. मंडळी, आमच्याकडे ट्रक आणि रेल्वेचं भांडण १९९९ मध्येच मिटवलं होतं. २६ जानेवारी १९९९ ला कोकण रेल्वेने रो-रो सुरू केली. कोलाडला भरलेला ट्रक सपाट वाघिणीवर चढवायचा, ड्रायव्हर-किन्नर त्यातच झोपणार, गोव्यात वेर्ण्याला उतरणार. पुढे सुरतकलपर्यंत. कशेडी, परशुराम, सगळे घाट झोपेत पार. डिझेल वाचलं, टायर वाचले, अपघाताची भीती नाही. कधी रात्री गावी फलाटावर उभे राहा. ३०-४० ट्रक ओळीने वाघिणीवर बसून जाताना दिसतात, गणपतीला चाकरमानी जातात तसे.

गंमत पुढे आहे. रो-रो सुरू होते कोलाडला. मुंबईतून कोलाडपर्यंत जायचं कसं? त्याच मुंबई-गोवा महामार्गाने. पनवेल-इंदापूर रुंदीकरण २०११ ला सुरू झालं, तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता. तो कॉलेजात गेला तरी ते रडगाणं आमच्या घरात चालूच.

२०२५ च्या गणपतीला कारसाठीही रो-रो काढली, कोलाड ते वेर्णा, एका गाडीला ७,८७५ रुपये. मी नाही गेलो. मला राजापूरला उतरायचंय, गोव्याला जाऊन परत मागे कोण येईल?

पण ताई, तुमच्या हळदीसाठी बोरघाटात असं का नाही, हा प्रश्न मलाही आहे.

मालबाबू_निवृत्त

भांडुपकर, चढावामुळे आणि अंतरामुळे. सांगली-मुंबई चारशे किलोमीटरही नाही. एवढ्या अंतरात ट्रक चढवायला-उतरवायला जो वेळ आणि पैसा जातो त्यात ट्रक घरी पोचतो. वर तो ट्रक वाघिणीवर चढवला की ट्रकचंही वजन ३७ ला १ च्या चढावर ओढायचं. कोकणात अंतर लांब आणि रस्ता वाईट, म्हणून गणित जुळलं.

मिरची_गल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हे सगळं आईला वाचून दाखवलं. मालबाबू काका, "पुणे" या शब्दाचा अर्थ आम्हाला कळलाच नव्हता. आम्हाला वाटलं फाटकं पोतं पुण्याच्या कुणा व्यापाऱ्याचं होतं.

आता व्यवहाराचं विचारते. मालगाडी नको. पण प्रवासी गाडीच्या त्या सामानाच्या डब्यातून पाच-सहा पोती येतील का?

मालबाबू_निवृत्त

येतील. त्याला पार्सल म्हणायचं. भाडं ट्रकपेक्षा जास्त पडेल हे आधीच सांगतो, सगळा माल असा आणू नका. सीझनमध्ये अडलं तर मधल्या मध्ये पाच-सहा पोत्यांना ठीक. ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून किसान रेल सुरू झाली, पुढे ऑक्टोबरपासून भाजी-फळांना भाड्यात निम्मी सूट होती. तुमच्या सुक्या हळदीला तसलं काही मिळेल या आशेवर राहू नका.

माल मिरजेहून चढवा. लहान स्टेशनावर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात सहा पोती चढत नाहीत, मग ती फलाटावर राहतात आणि तुम्ही दुसऱ्याला शिव्या देता. मिरजेला गाडी जरा टेकते. महालक्ष्मी रात्रीची निघून सकाळी मुंबईत येते, ती बघा. पोतं दुहेरी शिवा. नाव-पत्ता दोन्ही बाजूंनी लिहा आणि त्याच मजकुराची एक चिठ्ठी पोत्याच्या आत टाका. बाहेरचं लिहिलेलं पुसलं तरी आतली चिठ्ठी बोलते. आणि गाडी आली त्याच दिवशी माल उचला, पडून राहिला की व्हारफेज लागतं. पावती हरवू नका. आजोबांनी हरवली नव्हती.

खडी_आणि_डांबर

सहा पोती म्हणजे तीनेकशे किलो. घाटावर तेवढा भार कमी झाला, खात्याच्या वतीने आभारी आहे.

मिरची_गल्ली

तीन आठवड्यांनी लिहितेय. परवा सकाळी सहा पोती उतरवून घेतली. सीएसएमटीच्या पार्सल ऑफिसबाहेर टेम्पोवाल्याशी घासाघीस केली, साडेदहाला हळद लालबागला हजर. भाडं काकांनी सांगितल्यासारखंच, ट्रकच्या वर. पण पोती कोरडी. आतली चिठ्ठी काढताना हात पिवळे झाले.

खतावणीत आजोबांच्या शेवटच्या रेल्वे-नोंदीखाली चार बोटं जागा कोरी होती. तिथे लिहिलं: मिरज ते मुंबई, हळद ६ पोती, फाटके नाही. आई म्हणाली, अक्षर जरा बरं काढायचं होतंस.

नव्या मागणीतली उरलेली ३४ पोती अजून सांगलीत आहेत.

कळंबोली_दहाचाकी

ताई, गुरुवारी सळ्या घेऊन इस्लामपूरला जातोय, शुक्रवारी रिकामा आहे. ताडपत्री नवी घेतली. फोन करा.